थायरॉइड म्हणजे फक्त वजन वाढणे नव्हे

महोदय,

‘थायरॉइड’ म्हटले की वजन वाढणारच, असे आपल्याकडे जणू ठरलेले. माझ्या थोरल्या बहिणीचे मात्र सहा महिन्यांत आठ किलो उतरले, तेही रोज एक भाकरी जास्त खाऊन. शेजारणी ‘कोणतं डाएट करतेस गं?’ म्हणून विचारायच्या. ऐन पौषात ती पंखा लावून झोपायची, बशीत चहा ओतताना हात थरथरायचा, बसल्या जागी छातीत धडधडायचे. पन्नाशी जवळ आलेली, म्हणून घरात सगळ्यांनी (मीसुद्धा) पाळी जाण्याच्या त्रासावर खापर फोडले. शेवटी साध्या रक्ततपासणीत टीएसएच (थायरॉइड ग्रंथीला कामाला लावणारे संप्रेरक) जवळपास शून्य, ग्रंथीची स्वतःची संप्रेरके टी-३ आणि टी-४ मात्र भरमसाट! टीएसएच कमी म्हणजे ग्रंथीचे काम जास्त, हे उलटे गणित आम्हाला डॉक्टरांनी दोनदा समजावले. वयस्कांत तर कधी नुसता थकवा आणि हृदयाचे अनियमित ठोके एवढेच दिसते. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेणाऱ्यांनी तपासणीआधी तसे जरूर सांगावे, त्या गोळ्यांमुळे अहवाल चुकू शकतो. बहिणीला सध्या ग्रंथीचे काम आवरणारे कार्बिमाझोल हे औषध चालू आहे. कोपरापर्यंत घसरणाऱ्या बांगड्या आता मनगटावर थांबतात.

– एक वाचक, सातारा