एटनाच्या वाटाड्याला उघडं पत्र

प्रिय दादा,
स.न.वि.वि.

पत्र मराठीत आहे, त्यामुळे तुम्हाला यातलं एक अक्षरही लागायचं नाही. दोन ओळींचे आभार इंग्रजीत वेगळे पाठवले आहेतच. हे उघडं पत्र आहे ते सिसिलीतल्या एटना ज्वालामुखीवर जाणाऱ्या तुमच्या बसमध्ये पुढे कधीतरी चढणाऱ्या मराठी माणसांसाठी. आम्ही सह्याद्रीत लोकांना डोंगरावर नेणारी-आणणारी मंडळी. वाटाड्या कुठे कमी पडतो ते आम्हाला चटकन दिसतं. तुमच्या बाबतीत ती संधी फारशी मिळाली नाही.

पहिले आभार वेळापत्रकाचे. ‘एटना आणि ताओर्मिना, एका दिवसात’ असं सगळ्याच जाहिरातींत असतं. अंतरं बघितली तर त्यात अवघड काही नाही. कातानिया शहरापासून एटनाच्या दक्षिण उतारावरचं रिफुजो सापिएन्झा, म्हणजे बस थांबते तो तळ, साधारण 35 किलोमीटर, तिथून झाफेराना गावामार्गे समुद्राकाठच्या कड्यावरचं ताओर्मिना पन्नासच्या घरात, आणि परतही जवळपास तेवढंच. घोळ होतो तो ढगांमुळे. ऊन चढलं की समुद्रावरची दमट हवा उतारावरून वर सरकते आणि उन्हाळ्यात दुपारपर्यंत डोंगराचे खांदे झाकून टाकते. साडेदहाला निघणाऱ्या बसेस सापिएन्झाला पोचतात आणि लोक पांढऱ्या धुक्याचे फोटो काढून परततात. तुम्ही बरोबर आठला बस हलवलीत. त्याची किंमतही तेव्हाच सांगून टाकलीत, हे आम्हाला विशेष आवडलं. ताओर्मिनाच्या प्राचीन नाट्यगृहातून एटना दिसतो तो नैर्ऋत्येला. सकाळी ऊन समोरून पडतं आणि डोंगर स्वच्छ दिसतो, दुपारनंतर सूर्य त्याच्याच मागे जातो आणि उरते ती निळसर आकृती. म्हणजे दोन्ही ठिकाणची उत्तम वेळ सकाळचीच, आणि सकाळ एकच. डोंगरावर पाय ठेवायचा तर नाट्यगृहातला फोटो फिका येणार, हे आधी कळलं की मागून कुणी कुरकुरत नाही.

चढताना निकोलोसीच्या बाजूने आणि उतरताना झाफेरानाच्या बाजूने, हाही साधा पण नेमका हिशेब. थांबण्याच्या सगळ्या जागा सापिएन्झानंतर एकाच उतरत्या रस्त्यावर ओळीने येतात, बसला एकदाही मागे वळावं लागत नाही. घाटाची वळणं मात्र दोन्हीकडे आहेत. ज्यांना बस लागते त्यांना पुढच्या दोन रांगा, आणि गोळी वळणं सुरू होण्याआधी अर्धा तास, हे तुम्ही निघतानाच उरकलंत.

सापिएन्झा 1910 मीटरवर आहे. बस उभी राहते तीच जागा आपल्या कळसूबाईच्या 1646 मीटरपेक्षा अडीचशे मीटर उंच. दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंश उतरतात, म्हणजे कातानियात 30 असेल तर इथे अठराच्या आसपास, आणि वर वारा. जुलैमध्ये चप्पल-टीशर्टात आलेली माणसं दहा मिनिटांत बसमध्ये परत जाऊन बसतात. तुमची यादी छोटी होती: पूर्ण बोटं झाकणारे घोट्यापर्यंतचे बूट, वारा अडवणारं जाकीट, दीड लिटर पाणी, गॉगल, आणि सुती हातमोजे. हातमोज्यांचं सगळ्यांना हसू आलं. इथला ताजा लाव्हा बहुतेक ‘आ-आ’ जातीचा, म्हणजे ओबडधोबड, काटेरी तुकड्यांचा ढीग. त्यावर तोल गेला आणि हात टेकला तर तळवा खिसणीवरून गेल्यासारखा सोलवटतो. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांना चष्मा लावायला सांगितलंत तेही त्याच धर्तीवर. ज्वालामुखीची राख ही चुलीतली राख नव्हे, ते दगडाचे आणि काचेचे बारीक कण आहेत. कॅमेऱ्याच्या भिंगावर बसली तर पुसायची नाही, आधी फुंकणीने उडवायची. बसच्या काचेवर पडली तरी तेच, कोरड्या काचेवर वायपर फिरवला की चरे कायमचे.

सिल्व्हेस्त्री विवरं तुम्ही चाळीस मिनिटांत आटोपलीत, तेवढी पुरे. 1892 च्या उद्रेकातली ही शंकूसारखी टेकाडं रस्त्याला लागूनच आहेत, त्यामुळे गर्दी तिथेच. खालच्याला फेरी मारायला पंधरा मिनिटं लागतात. वरच्याचा चढ खडा आणि सगळा घसारा, म्हणजे पायाखालून सरकणारे सुटे खडे. घसारा आम्हाला नवा नाही, पण आपल्या मुरमाखाली कातळ तरी लागतो. इथे राखेखाली राखच. तुम्ही दाखवलेली पद्धत अशी: चढताना पावलं अर्धी, पूर्ण तळवा टेकवून, पुढच्याच्या ठशातच पाय. उतरताना उलट, टाच खोल रोवायची, गुडघे जरा वाकलेले, आणि वजन मागे न टाकता सरळ पायावर. घाबरून मागे झुकलेला माणूसच बसकण मारतो. बुटात खडे जाऊ नयेत म्हणून पँटची कड मोज्यात नव्हे, बुटावरून बाहेर. मोज्यात खोचली की तिथे नरसाळंच तयार होतं.

रोपवे तुम्ही विकला नाहीत, याचे वेगळे आभार. 1923 मीटरवरून तो 2500 मीटरपर्यंत नेतो. तिथून पुढे जीप, आणि त्याही पुढे शिखराकडे जायचं तर अधिकृत ज्वालामुखी-मार्गदर्शकासोबतच. कुठवर जाऊ द्यायचं ती रेषा डोंगराच्या हालचालीनुसार प्रशासन वर-खाली करतं. 2 जून 2025 रोजी आग्नेय विवराचा एक भाग कोसळून तप्त वायू आणि राखेचा लोट उतारावरून खाली आला, तेव्हा ही रेषा कशासाठी असते ते सगळ्या जगाने पाहिलं. शिखर करायचं तर पूर्ण दिवस हवा. ताओर्मिना जोडलेल्या दिवसात रोपवे कोंबला की होतं काय, तर तिकिटाची रांग, वर अर्धा तास वारा खाणं, आणि खाली येईपर्यंत दुपार. वारा वाढला तर रोपवे बंद पडतो ते निराळंच. पैसे घेऊन वर नेणं तुम्हाला सोपं होतं. तुम्ही ‘नाही’ म्हणालात.

त्याऐवजी नेलंत ते स्कीएना देल्लाझिनोवर. या नावाचा अर्थ गाढवाची पाठ, आणि वाट आहेही तशीच, एका लांब सोंडेवरून निवांत चढत जाणारी. जाऊन-येऊन दोन-सव्वादोन तास. बाजूला काटेरी गाद्यांसारखी झुडपं दिसतात. ती बसायची आसनं नव्हेत, हे एकदा बजावून सांगावंच लागतं. माथ्यावर पोचलं की पायाखालची जमीन संपते आणि समोर व्हाल्ले देल बोव्हे ही प्रचंड दरी. आम्हाला कोकणकडा आठवला, पण हा कडा घोड्याची नाल असावी तसा वळून पूर्वेला समुद्राकडे उघडा होतो, आणि त्याच्या पोटात शेती-जंगल नाही, नुसता काळा लाव्हा, एकावर एक. काठ काही ठिकाणी हजार मीटर उंच. भिंतीतून उभे दगडी पडदे बाहेर आलेले तुम्ही बोटाने दाखवलेत. ते डाइक. भेगेत शिरलेला लाव्हा तिथेच थिजला, भोवतालची भुसभुशीत राख पावसाने धुऊन गेली, आणि हा घट्ट दगड भिंतीसारखा उभा राहिला. सह्याद्रीतही डाइक आहेत. आपल्याकडे लोक त्यांना कुणीतरी बांधलेला तट समजतात.

तिथेच तुम्ही एक दगड हातात दिलात. वजनाला हलका, भोकाभोकांचा, प्रत्येक भोक रिकामं. ही वायूच्या बुडबुड्यांची घरं. आपल्या दख्खनच्या कातळात हीच घरं झिओलाइट या पांढऱ्या खनिजाने भरलेली सापडतात, कारण त्यांतून पाणी झिरपायला साडेसहा कोटी वर्षं मिळाली आहेत. एटना सारा मिळून पाच लाख वर्षांचा, आणि हा दगड तर कालचा. वाटेवर लाव्ह्याखाली विटकरी मातीचा पट्टा दिसला, जुनी माती तापून भाजलेली. घाटात रस्ता कापलेला असतो तिथे काळ्या थरांच्या मध्ये असाच तांबडा थर दिसतो. आम्ही तो वर्षानुवर्षं लोकांना दाखवत आलो. तो ताजा असताना कसा असेल ते पहिल्यांदाच कळलं.

गुहेचा भाग मात्र जरा विस्ताराने लिहायला हवा, कारण बहुतेक सहलींत तो ‘हेल्मेट घाला, फोटो काढा’ एवढाच असतो. रस्त्यालगतची तीन मजल्यांची गुहा 1792 च्या लाव्ह्यातली. वाहता लाव्हा वरून आधी थंड होतो, त्याचं कवच बनतं, आणि आतून तो नळीतल्या पाण्यासारखा वाहत राहतो. उद्रेक थांबला की आतला लाव्हा उतारावर निघून जातो आणि नळी रिकामी राहते. भिंतीवर विहिरीत पाण्याच्या उतरत्या रेषा असतात तशा आडव्या रेघा आहेत, प्रत्येक रेघ म्हणजे लाव्हा काही काळ थांबलेली पातळी. छताला वितळलेले थेंब तसेच गोठलेले. तुम्ही सगळ्यांना टॉर्च विझवायला लावून म्हणालात, आता असं समजा की ही नळी भरून वाहते आहे, आणि तुमचं घर खाली झाफेरानात आहे.

ही कल्पना नव्हतीच. 14 डिसेंबर 1991 ला सुरू झालेला उद्रेक 473 दिवस चालला. आधी मातीचे बांध घातले, लाव्हा ते ओलांडून आला. उघड्यावर वाहणारा लाव्हा लवकर थंडावतो आणि अडतो. नळीतून येणारा कित्येक किलोमीटर गरमच राहतो, म्हणून तो गावापर्यंत पोचू शकतो. त्यामुळे खाली अडवण्यात अर्थ नव्हता, वर नळी फोडायला हवी होती. मे 1992 मध्ये सुमारे 7 टन स्फोटकं लावून उगमाजवळची भिंत उडवली आणि लाव्हा बाजूला काढलेल्या चरात वळवला. खालच्या प्रवाहाचा पुरवठा तुटला, गाव वाचलं. गुहेत उभं राहून हे ऐकलं की पुढच्या तासाभरात त्याच झाफेरानात जेवायला बसताना माणूस भिंतींकडे जरा वेगळ्या नजरेने बघतो. तिथली माणसं डोंगराला नुसतं ‘मुंतान्या’ म्हणतात, तेही स्त्रीलिंगी. जुनं नाव मोंजिबेल्लो, त्यात लॅटिन ‘मोन्स’ आणि अरबी ‘जबल’, दोन्हींचा अर्थ डोंगरच.

जेवणाबद्दल शाकाहारी मंडळींतर्फे दंडवत. सिसिलीत पानात मांस दिसत नाही म्हणजे पदार्थ शाकाहारी, असं नाही. कान्नोली या गोड पदार्थाच्या कुरकुरीत नळीत आणि पुष्कळदा ब्रेड-ब्रिओशमध्ये ‘स्त्रुत्तो’ म्हणजे डुकराची चरबी असते. अरांचिनो या तळलेल्या भाताच्या गोळ्याच्या पोटात बहुधा खिमा असतो. तुम्ही आदल्या दिवशीच खाणावळीला विचारून ठेवलंत, आणि चिठ्ठीवर लिहून दिलंत ते इथे उतरवतो: पास्ता आल्ला नोर्मा (वांगी, टोमॅटो, वर खारवलेलं रिकोत्ता चीज), कापोनाता (वांग्याची आंबटगोड भाजी), आणि बदामाचा ग्रानिता (बर्फाचा गोड चुरा). नुसतं ‘व्हेज’ म्हणून भागत नाही. ‘सेन्झा कार्ने, सेन्झा पेशे, सेन्झा स्त्रुत्तो’, म्हणजे मांस नको, मासा नको, चरबी नको, एवढं म्हणावं. कापोनातात क्वचित मासे पडतात, तेव्हा तिथेही हे वाक्य कामाला येतं.

ताओर्मिनाला गाडीची अडचण डोंगरापेक्षा मोठी. गाव समुद्रसपाटीपासून दोनशे मीटरवर कड्याच्या पायरीवर बसलेलं, मोठी बस आत शिरत नाही. खालच्या लुंबी वाहनतळावरून शटलने वर यायचं. खाली किनाऱ्यावर माझ्झारोला उतरलेल्यांना रोपवे आहे, काही मिनिटांत वर. उतरताना पहिलं काम तुम्ही करून घेतलंत ते बूट झटकण्याचं. तळव्याच्या खाचांत अडकलेले राखेचे खडे गुळगुळीत फरशीवर छऱ्यांसारखे घसरतात, आणि गावभर उतार अन् पायऱ्या.

पोर्ता मेस्सिना ते पोर्ता कातानिया या दोन वेशींमधला कोर्सो उंबेर्तो हा बाजाराचा रस्ता जेमतेम 800 मीटर. लोक दुकानांत तास घालवतात आणि मग नाट्यगृहाचं दार बंद होताना धावतात. तुम्ही आधी नाट्यगृह, मग बाजार असा क्रम लावलात. मूळ ग्रीक, इसवीसनपूर्व तिसऱ्या शतकातलं, नंतर रोमनांनी विटांनी नव्याने बांधलेलं. रंगमंचामागची भिंत मधोमध पडली आहे आणि त्या खिंडारातून नाक्सोसचा उपसागर आणि एटना दिसतो. बांधणाऱ्यांनी तो देखावा झाकला होता, पडझडीने उघडा केला, हे तुमचं वाक्य आम्ही आता गडावरच्या तटाजवळ वापरणार. उन्हाळ्यात संध्याकाळी कार्यक्रम असतात, त्या दिवशी दार लवकर बंद होतं आणि खुर्च्या-मंचाने अर्धा देखावा अडतो, तेव्हा त्या दिवसाचा कार्यक्रम आधी बघून घ्यावा. दगडी पायऱ्या दुपारी तापलेल्या असतात, बसायला काहीतरी अंथरायला हवंच. नऊ एप्रिल चौकातल्या कठड्यापाशी मोकळी वीस मिनिटं दिलीत, गाईडगिरी बंद ठेवून. गप्प कधी बसावं हे कळणारा वाटाड्या आमच्याकडेही दुर्मीळच.

इझोला बेल्ला हे किनाऱ्यालगतचं छोटं बेट वरून दाखवलंत, खाली नेलं नाहीत. पायऱ्या उतरून-चढून दीड तास गेला असता आणि परतीच्या महामार्गावर संध्याकाळची गर्दी गाठली असती. इथेही ‘नाही’च, आणि तेही कारणासकट.

कळावे, लोभ असावा.

आपले,
सह्याद्रीतले सोबती

ता.क. एटनाच्या उद्यानातून दगड उचलायला बंदी आहे, हे तुम्ही दोनदा सांगितलंत आणि बसमध्ये चढताना एकीच्या पिशवीतला एक हसत परतही ठेवायला लावलात. पण घरी आल्यावर बुटांच्या तळव्यांतून चमचाभर काळी राख निघाली आहे. ती एका बाटलीत भरून ठेवली आहे. नियमात बसत नसेल तर कळवा, पुढच्या खेपेला घेऊन येतो.