एका रिकाम्या चौकोनासाठी आभार

आदरणीय सर,

साष्टांग नमस्कार.

यंदा दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत मोंढ्यात सोयाबीनची आवक जोरात होती आणि वजनाची नोंद सर्व्हरला पाठवणाऱ्या आमच्या यंत्रांना जोडलेले वजनकाटे पहाटेपासून रात्रीपर्यंत चालू होते. या सगळ्या काळात एकही यंत्र मुके झाले नाही. मी हे फोनवर सांगितले, तेव्हा आपण "छान झालं" एवढेच म्हणालात आणि माझ्या आईच्या तब्येतीची चौकशी सुरू केली. आभार मानू द्यायचे नाहीत, हा आपला स्वभाव मला आता ठाऊक झाला आहे. म्हणून हे पत्र, आणि तेही सर्वांना वाचता येईल असे उघड.

आमच्या यंत्रातली छोटी ऑपरेटिंग सिस्टीम फार पूर्वी कंपनीतच लिहिली गेली. तिच्या नेटवर्क मोड्यूलमधला जोडणी उघडणारा भाग नीटनेटका होता, पण जोडणी बंद करणारा कोड पाच ठिकाणी विखुरलेला होता. अ‍ॅप्लिकेशनने सॉकेट, म्हणजे जोडणीचे आपल्याकडचे टोक, बंद केले की एक वाट, समोरून फिन ("माझे पाठवून झाले" हा निरोप) आला की दुसरी, मुदत संपली की तिसरी, रिसेट (जोडणी तडकाफडकी तोडणारा संदेश) आला की चौथी आणि केबल निघाली की पाचवी. प्रत्येक वाट सॉकेटची मेमरी आपापल्या परीने मोकळी करत असे, त्यामुळे ती कधी दोनदा मोकळी होई, तर कधी एकदाही नाही. जोडण्या क्लोज-वेट अवस्थेत (समोरच्याने निरोप घेतला, आपल्या बाजूने अजून नाही) साचत जात, आणि या अवस्थेला टीसीपीच्या, म्हणजे अशा जोडण्यांच्या नियमावलीच्या, प्रमाणकात मुदतच नाही. आपल्या बाजूने कोणी बंद करीपर्यंत ती जोडणी तशीच पडून राहते. तीन-चार दिवसांत सॉकेट संपत, यंत्र गप्प होई, आणि ट्रॅक्टरवर रात्र काढून आलेला शेतकरी काट्यासमोर ताटकळत उभा राही.

आपल्याकडे येण्याआधी मी बरीच दारे ठोठावली होती. वरिष्ठांचे उत्तर एकच असे, की चालते आहे त्याला हात लावू नये. बाहेरून बोलावलेल्या सल्लागारांनी एका बैठकीत दोन उपाय सांगितले आणि त्याचे भरभक्कम बिल लावले. पहिला उपाय म्हणजे प्रत्येक यंत्र रोज रात्री रीस्टार्ट करावे. दुसरा म्हणजे जोडणी रीतसर बंद न करता थेट रिसेट पाठवून तोडावी. दुसऱ्या उपायाने सॉकेट साचायचे थांबले खरे. पण सर्व्हरवरच्या प्रोग्रॅमने शेवटचे वजन वाचून घेण्याआधी रिसेट पोहोचला, की ती नोंद तिथेच नाहीशी होई. कोणाच्या तरी वर्षभराच्या कष्टाचे ते वजन होते. मी हे दाखवून दिले तेव्हा "इतकं बारीक कोण बघतं?" असे मला ऐकवले गेले. त्या वाक्याचा राग अजून गेलेला नाही आणि तो मी लपवणारही नाही.

मग लातूरहून एसटीने अंबाजोगाईला आले, ती हातात छापील कोडचा गठ्ठा घेऊन. आपली ओळख नव्हती, निवृत्तीनंतर आपण असे काम घेत नाही हेही कानावर आले होते. आपण गठ्ठा घेतला, काकूंना चहा टाकायला सांगितले आणि पहिल्या पानापासून वाचायला बसलात. मधली पाने आपण गाळली नाहीत. दोन तासांनी मान वर करून आपण जे बोललात ते मी त्याच रात्री लिहून ठेवले आहे: "पाहुणा 'येतो' म्हणतो, घरचे 'या' म्हणतात. दोघांचंही म्हणून झाल्याशिवाय दार लावायचं नाही. आणि लगेच कडीही घालायची नाही. काही विसरलं म्हणून तो वळला, तर आपण दारात असायला पाहिजे." टाइम-वेट, म्हणजे निरोपानंतर थोडे थांबण्याची अवस्था, इतक्या सोप्या शब्दांत मला कॉलेजात कोणी समजावले नव्हते. प्रमाणकात चार मिनिटे आणि लिनक्समध्ये 60 सेकंद दारात उभे राहायचे ते याचसाठी, की शेवटचा अ‍ॅक (पोच) वाटेत हरवला तर समोरचा पुन्हा फिन पाठवील आणि त्याला उत्तर द्यायला कोणीतरी हवे. आमच्या कोडमध्ये ती मुदत कोणीतरी शून्य करून ठेवली होती.

त्यानंतर कोडची फेरमांडणी झाली, पाच वाटांची एक वाट झाली. तो तपशील इथे नको. मला लिहायचे आहे ते त्या वहीबद्दल.

आठवड्याने मी परत आले तेव्हा आपण माझ्यासमोर दोनशे पानी वही उघडून ठेवलीत. टीसीपीच्या प्रमाणकात, म्हणजे 1981 सालच्या आरएफसी 793 मध्ये, जोडणीच्या ज्या 11 अवस्था आहेत, आणि 2022 च्या आरएफसी 9293 मध्येही ज्या तशाच राहिल्या, त्या सगळ्या आपण पट्टीने रेघा मारून डाव्या बाजूला उतरवल्या होत्या आणि वरच्या बाजूला आमच्या पाच घटना. एकूण 55 चौकोन. त्यांतले 54 आपल्या बारीक, तिरप्या अक्षरांत भरलेले होते. फिन-वेट-एकच्या ओळीत, समोरून फिन येण्याच्या रकान्यात मात्र काहीच नव्हते. कोपऱ्यात पेन्सिलीने "हा तू भर" एवढेच होते.

तो चौकोन मी रात्री घरी भरला. यंत्राने फिन पाठवला आहे, त्याचा अ‍ॅक अजून यायचा आहे आणि तेवढ्यात समोरच्याचाही फिन आला, म्हणजे दोघांनी एकाच वेळी निरोप घेतला. इथे अ‍ॅक पाठवून क्लोजिंग अवस्थेत जायचे असते. आमचा कोड क्लोज-वेटमध्ये जात होता आणि अ‍ॅप्लिकेशनने आपले सॉकेट आधीच बंद केलेले असल्यामुळे पुन्हा बंद करणारे कोणी उरतच नव्हते. यंत्र आणि सर्व्हर यांची निष्क्रियतेची मुदत आम्ही सारखीच ठेवलेली, म्हणून हा प्रसंग दिवसातून कितीदा तरी घडत असे. सगळ्या दुखण्याचे मूळ त्या एका चौकोनात होते आणि आपल्याला ते पहिल्याच दिवशी दिसले असणार. आपण उत्तर लिहिले असते तर मी ते उतरवून घेतले असते आणि काम तेवढेच झाले असते. आपण ते शोधण्याचा मान मला दिलात. ज्या मुलीला सगळीकडून "हात लावू नको" ऐकायची सवय झाली होती, तिच्यासाठी त्या तीन शब्दांची किंमत काय होती, हे मला अजून नीट सांगता येत नाही.

आपल्या भागात अशी माणसे आहेत, जी दुसऱ्याच्या विहिरीचा गाळ काढायला बोलावल्याशिवाय जातात आणि पाणी लागले की बाजूला होतात. माझे आजोबा तसे होते. आपल्याला भेटून त्यांची आठवण झाली.

आपली वही अजून माझ्याकडेच आहे. मार्गशीर्षात योगेश्वरीच्या उत्सवाला आईला घेऊन येणार आहे, तेव्हा परत करीन. ते एक पान मात्र माझ्याजवळ राहू द्यावे, एवढी विनंती आहे. काकूंना माझा नमस्कार सांगावा.

आपली नम्र,
लातूरची आपली विद्यार्थिनी