फुलपात्रभर पाणी

पुणे,
१२ ऑक्टोबर

प्रिय रेवा,

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले, रागावली असशील. पण लिहायला बसले की तो सेमिनारच डोक्यात येतो, म्हणून आज तेच लिहिते.

'शहर आणि पाणी' हे ओपन इलेक्टिव्ह मी घेतलं ते २ क्रेडिट फुकटात मिळतील म्हणून. पहिल्याच दिवशी मॅडमनी आम्हाला फडके हौद चौकात नेलं आणि म्हणाल्या, "हौद दाखवा." दुकानदारांना विचारत सुटलो, प्रत्येकानं वेगळ्याच दिशेला बोट केलं. नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या तलावातून नळ काढला, त्याचं पाणी पेठांतल्या हौदांत यायचं, एवढं कळायला आमचा आठवडा गेला. मॅडम काही सांगतच नाहीत गं! गोल करून बसायचं, प्रत्येकानं एक प्रश्न आणायचा, आणि उत्तर माणसाकडून आणायचं, मोबाइलमधून नाही. पहिले पंधरा दिवस नुसता वैताग. वहीत उतरवायचं तरी काय? बाबा फोनवर म्हणाले, "फी याची भरतोय का मी?"

मी पानशेतचा पूर घेतला. १२ जुलै १९६१. सकाळी पानशेत फुटलं, मग दुपारी खडकवासला. नारायण पेठेतल्या एका आजींना विचारलं, पाणी किती वर आलं होतं? त्यांनी जिन्याची सातवी पायरी दाखवली. मी ऐटीत वर्गात वाचलं. मॅडम म्हणाल्या, "आणि प्यायले काय?" बस्स. पुढच्या मुलाकडे वळल्या.

परत गेले. आजी मेथी निवडत होत्या. प्रश्न ऐकला आणि हातातली जुडी तशीच राहिली. "अगं, धरणच गेलं, मग नळाला कुठलं पाणी! वाड्यातली विहीर नळ आल्यापासून फळ्या टाकून बंद होती. तीच उघडली. गाळ काढता काढता पुरुष मंडळी रडकुंडीला आली. नंतरसुद्धा पाण्याला मातीचा वास. फडक्यानं गाळायचं, उकळायचं." मग जरा थांबून म्हणाल्या, "सगळे ती पायरीच विचारतात."

रेवा, बसमध्ये मला एकदम २०१९ चा ऑगस्ट आठवला. सांगलीच्या पुरात आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फूट, हे आपल्या दोघींना पाठ आहे. गल्लीत कुठल्या खांबापर्यंत आलं होतं तेही. पण तुमच्या दुसऱ्या मजल्यावर आपण अकरा जण चार दिवस होतो, ते प्यायलो काय? मला फक्त देवघराशेजारची निळी कळशी आठवते, आणि काकू प्रत्येकाला फुलपात्रभर मोजून द्यायच्या ते. मी एकदा जास्त मागितलं तर दिलं नव्हतं, तेव्हा किती फुगून बसले होते! ती कळशी त्यांनी कधी भरली, कुठून भरली, त्या स्वतः किती प्यायल्या, काहीच माहीत नाही.

सेमिनारला पेपर नाही. एकानं दुसऱ्याची वही वाचायची आणि खाली पुढचा प्रश्न लिहायचा. माझी वही नांदेडच्या एका मुलाकडे गेली. त्यानं लिहिलंय, 'विहीर आता कुठाय?' म्हणजे झाली तिसरी फेरी. आजी म्हणतील, ही पोरगी इथंच जेवायला राहणार बहुतेक.

माझं एक काम कर. काकूंना त्या कळशीचं विचार. जेवताना नको, त्या भाजी निवडायला बसल्या की विचार. आणि तुझी सवय मला माहितीये, मध्ये बोलू नकोस. त्या म्हणतील तसंच्या तसं लिहून पाठव.

तुझी,
मनू