लाल बुशांचे पैसे अजून भरू नकोस

फोंडा, गोवा
चवथीच्या आधीचा रविवार

प्रिय पात्राव,

तू पाठवलेला फोटो बघितला. गाडीच्या सस्पेन्शनच्या सांध्यांत रबराऐवजी बसवायच्या लाल, कडक पॉलीयुरेथेन बुशांचा पुढून मागपर्यंत सबंध सेट आणि खाली तुझा दोन शब्दांचा प्रश्न, "घेऊ का?" फोनवर मी "नको" म्हणालो असतो तर तू अर्ध्या तासात पैसे भरून मोकळा झाला असतास. शाळेपासून ओळखतो तुला. म्हणून कागद घेऊन बसलोय. बाहेर धो धो चाललाय, सकाळपासून लाईट दोनदा गेली, गॅरेजचा मेस्तही (मेकॅनिक) आज येणार नाही.

तुझी तक्रार खरी आहे, ती मी नाकारत नाही. २०१३ साली पोलो जीटी टीएसआय आली तेव्हा आपण दोघे शोरूममध्ये नुसते तिच्यात बसून आलो होतो, आठवतं? १.२ लिटरमध्ये १०५ घोडे, १७५ न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे आपल्यासाठी तेव्हा विमानच. आता जुनी का होईना, दारात उभी आहे आणि चोर्ला घाटाच्या वळणांवर नाक उशिरा वळवते. ब्रेक दाबला की स्टिअरिंग किंचित भरकटतं. एवढ्या वर्षांत लोअर आर्मचे, म्हणजे पुढच्या चाकाला बॉडीशी जोडणाऱ्या खालच्या दांड्याचे, बुश गेले असणारच. पण मेलेल्या रबराच्या जागी नवीन पॉली घालून "वा, काय फरक!" म्हणणं म्हणजे फाटकी चप्पल टाकून बूट घालायचे आणि बुटाचं कौतुक करायचं. तिथे नवीन चप्पलसुद्धा तेवढीच बरी वाटली असती. नवीन रबर आणि नवीन पॉली, अशी तुलना कर. तुझ्या मेस्ताने तुला तो पर्याय सांगितलाच नसेल.

माझी स्विफ्ट तुला माहीत आहेच, जुनी १.३ पेट्रोल. तिला मी हौसेने सगळीकडे पॉली घातलं. पहिले पंधरा दिवस मी हवेत होतो. स्टिअरिंग वळवायच्या आधीच गाडी वळते असं वाटायचं. मग जून लागला. आमच्या वाड्याच्या तोंडाशी तो उंचवटा आहे ना, त्यावरून चढताना "चुंऽई", उतरताना "कुंऽई". देवळात जाताना आई मागे बसलेली. तिने विचारलं, "गाडीत उंदीर शिरलाय का रे?" त्यानंतर पावसाळाभर तो उंदीर घरातल्यांच्या तोंडी राहिला. शेजाऱ्यांचा कुत्रा तर आवाजावरून मला ओळखून फाटकाशी यायचा.

हे का होतं ते गाडीखाली झोपून बघितल्यावर कळलं. कंपनीच्या बुशात आतली नळी आणि बाहेरची नळी यांच्यामध्ये रबर दोन्हीकडे पक्कं चिकटवलेलं असतं. आर्म वरखाली होतो तेव्हा रबर स्वतःच पिळवटतं आणि परत येतं. काहीच घासत नाही, म्हणून आवाजही नाही. पॉलीचं तसं नसतं. ते चिकटवलेलं नसतं, आतल्या नळीभोवती फिरतं. मध्ये ग्रीस आहे तोवर ठीक. ग्रीस पाण्याने धुऊन गेलं, आत लाल माती शिरली की ते आधी अडतं, मग सुटतं, परत अडतं. व्हायोलिनचा गज तारेवर हेच करतो, फक्त तिकडे सूर लागतो. त्यात नेहमीचं पिवळं ग्रीस भरून उपयोग नाही, सिलिकॉनचं लागतं, आणि तेसुद्धा दर पावसाळ्यानंतर आर्म उतरवून. उलट रबराच्या बुशाला तेल-ग्रीस कसलंच लावू नकोस, खनिज तेलाने रबर फुगतं आणि मऊ पडतं. गॅरेजमध्ये "थोडा स्प्रे मारू का?" म्हणून विचारतील. हात धर.

चुंईकुंई निदान ग्रीसने थांबते. दुसऱ्या आवाजाला औषध नाही. रस्त्याची खरखर टायरमधून आर्मवर येते आणि तिथून बॉडीत शिरते. मध्ये रबर असलं तर ते बरीचशी गिळतं. रबराची कठीणता शोअर ए मापाने साधारण ५० ते ६५ असते, पॉलीची ८० ते ९५. एवढ्या कडक वस्तूतून ती खरखर जवळपास तशीच पुढे जाते आणि गाडीचा पत्रा तबल्याच्या डग्ग्यासारखा घुमायला लागतो. पणजीच्या अटल सेतूवर मी हे रोज ऐकत होतो. पुलाच्या सांध्यांवर पूर्वी "धप्" व्हायचं, पॉली घातल्यावर "टाण्". पाच किलोमीटरचा पूल, संपता संपत नाही.

आणि आपल्या हवेतली एक गोष्ट. पॉलीयुरेथेन दोन जातीचं मिळतं, पॉलिएस्टरचं आणि पॉलिइथरचं. पॉलिएस्टरवालं उष्ण-दमट हवेत पाण्याने हळूहळू विरघळल्यासारखं तुटत जातं, पॉलिइथर टिकतं. वर्षाला सव्वाशे इंचाच्या आसपास पाऊस पडणाऱ्या मुलखात हे आधी विचारायला हवं. स्वस्त सेटच्या डब्यावर जातच लिहिलेली नसेल, तर रंग कितीही लाल असू दे, सोडून दे.

आता पुढचा पराक्रम. वैतागून मी रबराकडे परत आलो आणि आठ महिन्यांत नवे बुश फाटले. मी विकणाऱ्याला शिव्या घालत होतो. चूक गॅरेजची होती आणि मी तिथे उभा राहून चहा पीत ती बघत होतो. गाडी लिफ्टवर, चाकं लोंबकळतायत आणि त्याने आर्मचे बोल्ट आवळून टाकले. रबर दोन्हीकडे चिकटलेलं असतं हे मघाशी लिहिलंच. चाक खाली लोंबत असताना आवळलं की तीच त्याची विश्रांतीची जागा ठरते. गाडी जमिनीवर उतरली की रबर कायमचं पिळलेलं राहतं, आणि वर प्रत्येक खड्ड्यात आणखी पिळतं. तो बुश मी करवतीने कापून बघितला. आतल्या नळीच्या कडेने चंद्रकोरीसारखी चीर, आणि चिरेत बारीक लाल धूळ भरलेली. बाकीचं रबर नवंकोरं, नख दाबलं तरी लवत होतं.

म्हणून हे नीट वाच. गाडी सपाट जमिनीवर उभी असताना चाकाच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर टेपने मोज आणि लिहून ठेव. चारही चाकांचं. बुश प्रेसवर बसवून घे, हातोड्याने नव्हे. बोल्ट हाताने घालून सैलच ठेवायचे. मग आर्मखाली जॅक लावून ते अंतर तंतोतंत येईपर्यंत उचल, आणि तेव्हा टॉर्क रेंचने आवळ. नंतर अलाइनमेंट करायलाच हवी. मेस्त म्हणेल, "एवढं कशाला, पात्राव?" त्याला चहा पाज आणि मोजून घे.

आता तुझ्या गाडीत कुठे काय. लोअर आर्मच्या पुढच्या बुशाला कंपनीचं नवीन रबर घाल, विषय संपला. मागचा मोठा बुश हीच खरी मेख आहे. अशा बुशात मुद्दाम पोकळ्या ठेवलेल्या असतात, चाक खड्ड्यात आपटलं की थोडं मागे जाऊन धक्का जिरवता यावा म्हणून. त्याच पोकळ्यांमुळे ब्रेकमध्ये आर्म सरकतो आणि तुला ते भरकटणं जाणवतं. इथे पॉलीऐवजी पोकळ्या नसलेला भरीव रबराचा बुश शोध. युरोपात चौथ्या पिढीच्या गोल्फवाल्यांनी हेच केलं, ऑडी टीटीचे भरीव रबर बुश आपल्या आर्ममध्ये दाबले. चिकटवलेलं रबरच ते, चुंईकुंई नाही, आणि नाक ताबडतोब वळतं. खड्डे थोडे जास्त कळतील. तुझ्यासाठी तसा मिळतो का बघ, पण पार्ट नंबर जुळवल्याशिवाय मागवू नकोस.

पॉलीची हौस फिटवायचीच असेल तर अँटी-रोल बारवर, म्हणजे वळणात गाडी झुकू न देणाऱ्या आडव्या दांड्यावर, फिटव. तिथून बॉडीत कमी आवाज येतो आणि कोपऱ्यात गाडी झुकायची कमी होते. माझ्या स्विफ्टला आता तेवढंच पॉली उरलंय. मात्र काही गाड्यांत ते बुश बारलाच चिकटवून येतात, तेव्हा आधी खाली वाकून बघ.

मागच्या ट्विस्ट बीमला, म्हणजे मागची दोन्ही चाकं जोडणाऱ्या आडव्या तुळईला, पॉली घालू नकोस. विनंती नाही, ताकीद. ते दोन मोठे बुश एकाच वेळी वरखाली, आडवे आणि तिरके हलतात, कडक केलेस तर मागचं सस्पेन्शन जखडतं आणि सगळा रस्ता मागच्या सीटखाली येऊन बसतो. वहिनी मागे बसून मुलाला झोपवते ना? मग झालं.

आणि हे सगळं मागवण्याआधी लिंक रॉड (अँटी-रोल बारला जोडणारी छोटी दांडी) आणि स्ट्रटचे, म्हणजे पुढच्या शॉक अ‍ॅब्सॉर्बरचे, वरचे माउंट हलवून बघ. मी एकदा सगळे बुश बदलले आणि खडखड होती तीनशे-चारशे रुपयांच्या लिंक रॉडची. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

चवथीला येतोच आहेस तर रबराचे बुश घेऊन ये, प्रेस मी सांगून ठेवतो. सणाआधी गाडी खोलून ठेवायची नाही असं आईने बजावलंय, म्हणजे विसर्जनानंतरच हात लावू. येताना कुंदा आण. मागच्या वेळचा डबा अजून आमच्याकडेच आहे, आई त्यात चिंच भरून बसलीय.

तुझा,
उंदीरवाला