गॅस गिझर न्हाणीघरात लावूच नका

महोदय,

दिवाळी आटोपली की नागपूरकर कूलर झाकून ठेवतो आणि गिझरकडे वळतो. २०१८ च्या डिसेंबरात इथला पारा ३.५ अंशांवर उतरला होता, तेव्हा उन्हाळ्याच्या या गावाला गरम पाणी कशाला लागतं, असं कोणी विचारू नये. विजेचं बिल वाचावं म्हणून आमच्या गल्लीत घरोघरी गॅस गिझर आले. मागच्या हिवाळ्यात आम्हीही घेतला. बसवायला आलेल्या मुलाने तो चार बाय सहा फुटांच्या न्हाणीघरात, नळाच्या वरच ठोकला. ‘आत चालतो ना रे?’ असं विचारलं तर म्हणाला, ‘काही होत नाही जी काकू, सारे असेच लावून राहिले.’ दोन सेल घातले, नळ सोडला, टिकटिक झाली, जाळ पेटला. कार्डावर सही घेऊन तो गेला. सोबतच्या पुस्तिकेत ‘स्नानगृहाबाहेर, हवेशीर जागी बसवा’ असं छापलेलं होतं. ते आम्ही वाचलं भाचा आजारी पडल्यावर.

जानेवारीत तो मुक्कामी आला होता. थंडी आत येते म्हणून घरच्यांनी दारावरच्या जाळीत वर्तमानपत्राचे बोळे कोंबले होते (आपल्याच दैनिकाचे, हे सांगताना संकोच वाटतो). वीस मिनिटं झाली तरी पोरगा बाहेर येईना. मग बादली उलटल्याचा आवाज आला. कडी त्यानेच कशीबशी काढली, पण उंबऱ्यातच बसला. डोकं ठणकतंय, मळमळतंय, पायांत जोरच नाही. आम्हाला वाटलं पित्त. लिंबूपाणी दिलं, करोनाच्या वेळचं ऑक्सिमीटर बोटाला लावलं तर आकडा ९८! आम्ही निर्धास्त. शेजारच्या ताई नर्स आहेत. त्यांनी एवढंच विचारलं, ‘गिझर कुठे लावलाय?’ आणि त्याला धरून अंगणात नेलं, तिथून थेट मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात. ऑक्सिजन लावल्यावर संध्याकाळपर्यंत सावरला.

तो ९८ चा आकडा माझ्या डोक्यातून जात नव्हता. डॉक्टरांनी समजावलं ते असं: कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट धरतो, आणि बोटावरच्या त्या यंत्राला दोन्हींतला फरकच कळत नाही. सिलिंडर गळला तर वास येतो, कारण तो वास त्यात मुद्दाम मिसळलेला असतो. हा वायू मात्र जाळाला पुरेशी हवा मिळाली नाही की तयार होतो. त्याला ना रंग ना वास. मिनिटाला सहा लिटर पाणी तापवणारा गिझर तासाला साधारण एक किलो गॅस जाळतो, आणि त्या किलोला बारा घनमीटरच्या आसपास हवा लागते. आमच्या न्हाणीघरात हवा आहे जेमतेम साडेपाच घनमीटर. म्हणजे दहा मिनिटांच्या आंघोळीत गिझर खोलीतली तिसरा हिस्सा हवा खातो, आणि त्याच हवेत माणूसही श्वास घेत असतो. पंखा आहे की, असं बरेच जण म्हणतात. दार-खिडकी घट्ट बंद असताना पंखा बाहेर फेकायला हवा आणणार कुठून? आणि वीज गेली की तोही थांबतो, गिझर मात्र सेलवर चालूच.

आता आमचा गिझर मागच्या उघड्या गॅलरीत आहे. भिंतीतून फक्त गरम पाण्याचा पाइप आत येतो. सुरुवातीचं अर्धी बादली पाणी गार येतं, त्यावरून रोज कुरबुर होते. होऊ द्या. या वेळी बसवणारा वयस्क कारागीर होता. त्याने प्रत्येक जोडावर साबणाचा फेस लावून बुडबुडे येतात का ते पाहिलं. काडी ओढून तपासणाऱ्याला घरात घेऊ नका, असंही बजावलं. आमची शेगडीची जुनी नळी त्याने बाजूला फेकली आणि नवी नारिंगी सुरक्षा नळी लावायला लावली. तीही पाच वर्षांनी बदलायची. सिलिंडर उभाच ठेवला, तोही नाल्याच्या तोंडापासून दूर, कारण हा गॅस हवेपेक्षा जड, खड्ड्यात साचतो. मग नळ सोडून गिझरच्या खिडकीतला जाळ दाखवला: निळा हवा, पिवळा दिसला की बंद करून बोलवा. गळतीचा वास आला तर कोणतंही बटण न दाबता रेग्युलेटर बंद करायचा, दारं-खिडक्या उघडायच्या आणि बाहेर येऊन १९०६ वर फोन करायचा. या साऱ्याला त्याला पाऊण तास लागला. पहिल्या मुलाला दहा मिनिटं पुरली होती.

माझी मागणी मोठी नाही. दुकानदारांनी न्हाणीघरात गिझर लावून द्यायला साफ नकार द्यावा आणि वॉरंटी कार्डावर ‘कुठे बसवला’ हा रकाना छापून त्याखाली कारागिराची सही घ्यावी. नवे फ्लॅट बांधणाऱ्यांनी गिझरच्या पाण्याचा पॉइंट मागच्या गॅलरीतही काढून ठेवावा. आज तो सर्रास न्हाणीघरातच असतो, मग लोक तिथेच गिझर टांगतात.

एक निवृत्त शिक्षिका, नंदनवन, नागपूर