अबेओकुटाच्या बाजारातल्या बाया

तीर्थरूप आई आणि बाबा यांस,
शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

गेल्या रविवारी इथे नायजेरियात, लागोसच्या उत्तरेला असलेल्या अबेओकुटाला जाऊन आले. ओलुमो नावाच्या प्रचंड खडकाच्या आसऱ्याने हे गाव वसले आहे. तिथल्या बाजारात निळीत रंगवलेले आदिरे कापड मांडून बसलेल्या बाया पाहताना, आई, मला सारखी तुझी आठवण येत होती. आठवडी बाजारात तू भाजीची पाटी उतरवताच पावती फाडणारा माणूस समोर येऊन उभा राहायचा आणि एकही जुडी विकली गेलेली नसताना तू पदराची गाठ सोडून पैसे द्यायचीस, हे मी पोत्यावर बसून पाहिलेले आहे.

याच गावच्या फुनमिलायो रॅन्सम-कुटी या बाईंविषयी तुम्हाला सांगायचे आहे. त्यांचा जन्म १९०० चा. १९१९ मध्ये त्या शिकायला इंग्लंडला गेल्या आणि परतल्यावर ख्रिस्ती नावे सोडून योरुबा, म्हणजे तिथल्या लोकांच्या भाषेतल्या नावानेच वावरू लागल्या. शिक्षिका होत्या, यजमान मुख्याध्यापक. सुरुवातीला त्यांनी काढलेले मंडळ शिकलेल्या बायकांपुरते होते. साक्षरतेच्या वर्गांमुळे बाजारातल्या बाया त्यांच्याकडे येऊ लागल्या, तेव्हा दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आपला तांदूळ कसा जप्त झाला आणि कराचा जाच कसा चालतो, हे त्यांना त्या बायांच्याच तोंडून कळले.

इंग्रजांनी कारभार आलाके, म्हणजे तिथल्या राजाच्या हाती ठेवला होता. बायकांवर १९१८ पासून स्वतंत्र कर होता, कारभारात मात्र त्यांना जागा नव्हती. मुलीला पंधराव्या वर्षी कर लागे, आणि तिचे वय ठरवायला वसुलीवाले तिला कपडे उतरवायला लावत, हे वाचून मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिले.

१९४६ मध्ये त्या मंडळाचा अबेओकुटा महिला संघ झाला. रॅन्सम-कुटी बाई लुगड्यासारखे गुंडाळायचे योरुबा वस्त्र नेसू लागल्या आणि सभेत योरुबातच बोलू लागल्या, म्हणजे बाजारातल्या बाईला परकेपणा वाटू नये. त्यांच्या सगळ्या कामात मला हेच मोठे वाटते. मोर्चाला परवानगी मिळेना, तेव्हा बायांनी त्याला सहल म्हटले, सण म्हटले. अश्रुधुराचे नळकांडे अंगावर आले तर काय करायचे, याचीही तालीम रॅन्सम-कुटी बाईंनी दिली. १९४७ च्या नोव्हेंबरअखेर दहा हजारांहून अधिक बाया राजवाड्यासमोर रात्रभर गाणी म्हणत बसून राहिल्या. त्याच वर्षी लंडनला गेलेल्या राष्ट्रीय शिष्टमंडळातही रॅन्सम-कुटी बाई एकट्याच स्त्री होत्या. पुढे बायकांवरचा कर थांबला आणि जानेवारी १९४९ मध्ये राजाने गादी सोडली. डिसेंबर १९५० मध्ये तो परत आला, याचे मला अजून वाईट वाटते.

१९७७ मध्ये सैनिकांनी त्यांचा मुलगा, गायक फेला, याच्या घरावर धाड घातली आणि सत्तरीपार गेलेल्या या बाईंना वरच्या मजल्याच्या खिडकीतून खाली फेकले. त्या दुखण्यातून त्या उठल्या नाहीत. एप्रिल १९७८ मध्ये गेल्या.

आई, तुम्ही बाजारातल्या सगळ्या जणींनी एकदा पावती घ्यायला नकार दिला होता, ती हकिकत बाबा नेहमी अर्धीच सांगतात. रविवारी फोनवर मला ती पहिल्यापासून सांग. त्या दिवशी आधी कोण उभी राहिली होती?

तुमची,
थोरली