ऑनलाइन पर्याय उपलब्ध होता, मंत्रिमहोदय!

प्रति,
माननीय मंत्री, सामाजिक न्याय व विशेष साहाय्य विभाग,
मंत्रालय, मुंबई
एप्रिल 2022

महोदय, सविनय नमस्कार.

अधिवेशन आताच आटोपलं, आपण थकला असाल. गुढीपाडव्याला कोरोनाचे निर्बंधही उठले, तेव्हा हे पत्र वाचायला थोडी सवड मिळेल अशी आशा आहे.

मार्चमध्ये एका अनुदानित विशेष शाळेत, बौद्धिक अक्षम मुलांच्या वर्गावर, मी बदली शिक्षिका म्हणून काम केलं. वर्गाच्या बाईंना तिसऱ्या लाटेत कोरोना झाला होता. बऱ्या झाल्या, पण जिना चढला की धाप लागायची, म्हणून रजेवर गेल्या. मानधन पंधरा दिवसांत निघेल, असं जिल्ह्याच्या कार्यालयानं शाळेला फोनवर सांगितलं. पाडव्यानंतर मानधन नाही, उत्तर आलं: ‘ऑनलाइन अध्यापनाचा पर्याय उपलब्ध असल्याने प्रत्यक्ष बदली शिक्षकाची आवश्यकता दिसून येत नाही. सबब प्रस्ताव परत.’

आवश्यकता दिसून येत नाही! मग त्या वर्गातला माझा पहिला दिवस आपल्याला दाखवणं भाग आहे.

एसटीचा संप, म्हणून वडापनं गेले. जीपमध्ये माणसं कोंबलेली, मास्क सगळ्यांच्या हनुवटीवर. शाळेच्या फाटकात मात्र नियम कडक. ताप मोजायचं ते पिस्तूल कपाळावर रोखलं की एक मुलगा मटकन खाली बसायचा आणि दोन्ही हातांनी डोकं झाकून घ्यायचा. त्याला उठवून आत न्यायलाच बराच वेळ गेला. सॅनिटायझरला वास छान, म्हणून दुसऱ्यानं तो चाटला. मी त्याच्या तोंडात बोट घालून पुसत होते, तेवढ्यात तिसरा वर्गाबाहेर पळाला.

वर्गात 11 मुलं. दोघं डाऊन सिंड्रोमची, एक स्वमग्न (ऑटिझम असलेला), एक सेरेब्रल पाल्सीची (मेंदूच्या इजेमुळे हातापायांवर ताबा नसलेली) मुलगी चाकाच्या खुर्चीत, दोघांना फिटच्या गोळ्या चालू. काळजीवाहक मावशी एकच, तीही शेजारच्या वर्गासोबत वाटून घेतलेली. फरशीवर खडूनं सहा-सहा फुटांवर गोल आखले होते. खुर्चीतल्या मुलीला डबा भरवायचा तर एका हातानं हनुवटी खालून धरावी लागते, नाहीतर घास श्वासनलिकेत जातो. सहा फुटी चमचा आपल्या खात्यानं अजून पुरवलेला नाही.

स्वमग्न मुलाला कानामागची दोरी सहन होईना. त्यानं स्वतःचा मास्क ओरबाडून काढला, मग माझा. त्याला का दोष द्यायचा? ही मुलं ओठ बघून शब्द शिकतात. माझ्या तोंडावर कापड असताना ‘पाणी’ म्हटलं काय आणि ‘पुरे’ म्हटलं काय, त्यांना नुसतं कापड हलताना दिसतं.

एका मुलीची फाइल उघडली. रजेवरच्या बाईंनी मार्च 2020 मध्ये सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: ‘लघवीला लागल्यावर स्वतः सांगते. पुढची दोन बटणं लावते. ताटातलं स्वतः जेवते.’ ही दोन बटणं लागायला वर्ष-दीड वर्ष जातं, साहेब. रोज तेच बटण, तेच काज, हातावर हात धरून. मधल्या सुट्टीच्या आत तिनं दोनदा कपडे ओले केले. बटण हातात दिलं तर तोंडात घातलं. संध्याकाळी न्यायला आलेली आई म्हणाली, “बाई, मी रानात कामाला, म्हातारी सासू किती सांभाळणार? दारं लावून ठेवत होतो.” फोन घरात एकच, तो नवऱ्याबरोबर कारखान्यावर. शाळेकडून व्हिडिओ यायचे, ते तो रात्री घरी आल्यावर बघायचे. तोवर मुलगी झोपलेली. हा तुमचा ऑनलाइन पर्याय. ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ अशी मोहीम राज्यानं चालवली होती. या घरात शाळाही बंद होती आणि दारही.

दुपारी एका मुलाला फिट आली. कुशीवर वळवला, डोक्याखाली माझी ओढणी दिली, घड्याळ बघत बसले. त्याची लाळ माझ्या हातावर, बाकीची मुलं भेदरून रडायला लागलेली आणि मावशी शेजारच्या वर्गात. स्क्रीनवरून मुलाला कुशीवर कसं वळवायचं याचं परिपत्रक निघालं असेल, तर एक प्रत मलाही पाठवा.

त्या रात्री अंगात कणकण आली. घरी सासूबाईंना दमा आहे, म्हणून मी आठवडाभर ओसरीवर झोपले. टाळेबंदीत मी मास्क शिवत होते, नगाला तीन रुपये. विशेष शिक्षणाची पदविका, विशेष शिक्षकांची नोंद ठेवणाऱ्या पुनर्वास परिषदेची नोंदणी, त्या नोंदणीचं ठरावीक मुदतीनं नूतनीकरण, सगळं पदरच्या पैशानं. माझ्याबरोबर शिकलेल्या दोघी आता कापड दुकानात आहेत. मी हट्टानं या कामात राहिले, तर हे काम झालंच नाही असं मला लेखी कळवलं जातं. माझं बिल किती होतं माहीत आहे? दिवसाला तीनशे रुपये. त्यातलं जाण्यायेण्याचं भाडं वजा करा.

आणि याच मार्चमध्ये, याच अधिवेशनात, आमदारांचा निधी 5 कोटींवर गेला. त्यांच्या ड्रायव्हरचा पगार 20 हजार झाला. आमदारांना मुंबईत 300 घरं देण्याची घोषणा झाली. ड्रायव्हरला मिळावेत, त्यालाही पोट आहे. पण गाडी हाकणाऱ्याची आवश्यकता तुम्हाला लगेच दिसते आणि फिट आलेल्या पोराजवळ बसणाऱ्या बाईची दिसत नाही, ही नजर कुठल्या डॉक्टरला दाखवायची?

सर्वोच्च न्यायालयानं 28 ऑक्टोबर 2021 ला सांगितलं आहे की बौद्धिक अक्षम आणि स्वमग्न मुलांसाठी पाच मुलांमागे एक विशेष शिक्षक हवा, सेरेब्रल पाल्सी असेल तर आठांमागे एक. माझ्या वर्गात 11. म्हणजे दोन शिक्षक आणि थोडे वर. तिथे मी एकटी आणि मीही ‘अनावश्यक’. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात दिव्यांगांची संख्या 29 लाखांच्या वर होती, तीही आठच प्रकार मोजून. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानं प्रकार 21 केले. नवी जनगणना कोरोनानं अडवली. त्या 29 लाखांतला चौथा हिस्सा शाळेच्या वयाचा धरला तर सात लाखांच्या वर मुलं होतात. हिशेब कच्चा वाटत असेल तर तुमच्याकडे सांख्यिकी अधिकारी आहेत, त्यांना कामाला लावा. याच कायद्याचं कलम 31 सहा ते अठरा वर्षांच्या दिव्यांग मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क देतं. ऑनलाइन बघितलेला व्हिडिओ म्हणजे हक्क, असं त्यात कुठे लिहिलंय?

मुळात आमच्या शाळा शिक्षण खात्यात नाहीतच, तुमच्या खात्यात आहेत. इतरांची पहिली ते चौथी 1 डिसेंबर 2021 पासून उघडायची ठरली, तेव्हा आमच्या गावात एकाच घरातला धाकटा दप्तर घेऊन निघाला आणि थोरला, जो आमच्या शाळेत होता, दारात उभा राहून ओरडत राहिला. शिक्षण खात्याचं मूल शाळेत, न्याय खात्याचं मूल घरात. न्याय!

‘कायम भरतीला अर्ज करा’ असा सल्ला मला देऊ नका. आरोग्य भरतीचा पेपर फुटला, म्हाडाची परीक्षा पेपरफुटीच्या संशयावरून ऐनवेळी पुढे ढकलली, टीईटीचा (शिक्षक पात्रता परीक्षेचा) तर पुण्यात बाजार भरला होता. मी मुलाखतीला गेले तेव्हा एका संस्थाचालकांनी माझी पदविका बघितलीसुद्धा नाही, ‘किती जमेल?’ एवढंच विचारलं. जमलं नाही. पद मंजूर करणारे, अनुदान रोखून ठेवणारे, तपासणीला येऊन नारळ-शाल घेऊन जाणारे, सगळ्यांचे पगार एक तारखेला होतात. मुलांना ‘विशेष’ म्हणायचं आणि त्यांच्यासाठी राबणाऱ्याला तासावर, रोजावर, तोंडी आदेशावर ठेवायचं, ही व्यवस्था कुणी मुद्दाम बसवली की आपोआप बसली, तेवढं तरी सांगा.

मागणं थोडंच आहे. न्यायालयानं सांगितलेल्या प्रमाणात पदं मंजूर करा आणि भरा. रजेच्या जागी येणाऱ्या शिक्षकाला लेखी आदेश आणि ठरलेलं मानधन द्या. मुलांची गेलेली दोन वर्षं भरून काढायला प्रत्येक वर्गाला आणखी एक काळजीवाहक द्या. संजय गांधी निराधार योजनेच्या महिन्याच्या पैशांत आईनं रान सोडून घरी बसावं, अशी अपेक्षा धरू नका.

माझं बिल हजेरीपटाच्या नकलेसह पुन्हा जोडलं आहे. कार्यालयाच्या शिरस्त्याप्रमाणे तीन प्रतींत. झेरॉक्सचा खर्चही मीच केला आहे, तो बिलात धरलेला नाही.

आपली,
एक बदली शिक्षिका